कोडिंग नुसतं बघून येत नाही, मग येतं कसं?

पायथनचा आठ तासांचा व्हिडिओ बघून संपवला. सगळं कळलं. मग कोरी फाइल उघडली आणि पहिली ओळ काय लिहायची तेच सुचेना. कोडिंग शिकणाऱ्या बहुतेकांचं असं होतं. मग वाटतं की आपलं डोकं चालत नाही, किंवा आपलं इंग्लिश कच्चं आहे. अडचण बहुतेक वेळा तिसरीच असते: आपण फक्त बघितलेलं असतं.

आधी इंग्लिशचं बघू. पायथनमध्ये राखीव शब्द आहेत जेमतेम ३५. इफ, फॉर, व्हाइल असे. ते पाठ व्हायला आठवडा लागत नाही. अडतं ते समजावण्याच्या भाषेत. पवईच्या आयआयटी बॉम्बेने नेमकं हेच हेरलं. तिथले केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प उभा केला, केंद्र सरकारच्या मदतीने. सी, जावा, पायथन, लिनक्स अशा विषयांवर साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ आणि तेही फुकट. स्क्रीनवरचं सगळं इंग्लिशच, पण समजावणारा आवाज मराठीत. हे बरोबरच आहे, कारण उद्या नोकरीत समोरची स्क्रीन इंग्लिशच असणार आहे.

यातली खरी युक्ती मात्र भाषेपेक्षा पद्धतीत आहे. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, उरलेल्या अर्ध्यावर तुमची स्वतःची फाइल. एक पायरी बघायची, व्हिडिओ थांबवायचा, तेच स्वतः टाइप करून चालवायचं. एरर आली तर ती वाचायची. कंटाळवाणं वाटतं, पण हात असाच बसतो. व्हिडिओची संहिताही रेकॉर्डिंगआधी एखाद्या नवख्याला देतात आणि ती वाचून त्याला सगळं जमतंय का ते तपासतात.

इथपर्यंत झालं कोड लिहिणं. कसब यापुढे सुरू होतं.

एक उदाहरण घ्या. रिक्षाचं भाडं काढणारा प्रोग्राम. (उपनगरवाल्यांना सोपं, कारण मुंबईत रिक्षा वांद्रे-सायनच्या पुढे दक्षिणेत जातच नाही.) फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये. नवखा माणूस हे २६ प्रोग्राममध्ये जिथे लागेल तिथे लिहून टाकतो. प्रोग्राम चालतो, उत्तरही बरोबर येतं. पण त्याआधी हेच भाडं २३ होतं आणि उद्या पुन्हा बदलणार. तेव्हा दहा ठिकाणी शोधून बदल करायचा आणि एक जागा सुटली की काही प्रवाशांना चुकीचं भाडं दिसणार. सरावलेला प्रोग्रामर तो आकडा एकाच जागी, ‘किमान भाडं’ असं नाव देऊन ठेवतो. भाडं काढण्याचं फंक्शन वेगळं, रात्रीचे २५ टक्के जादा लावण्याचं वेगळं. सॉफ्टवेअर डिझाइन म्हणतात ते मुळात हेच: जे बदलणार आहे ते एका जागी आणून ठेवायचं.

मग टेस्ट. पाच किलोमीटरचं उत्तर बरोबर आलं म्हणून खूश होऊ नका. बरोबर दीड किलोमीटर झाले तर? अंतर शून्य असेल तर? प्रवास रात्री ११:५० ला सुरू होऊन १२ नंतर संपला तर? चुका अशा कडेच्या जागीच लपतात.

हे एकट्याने शिकणं अवघड असतं, आपला कोड दुसऱ्याने वाचावा लागतो. पवईतच फॉसी नावाचा दुसरा प्रकल्प आहे. त्यात विद्यार्थी पाठ्यपुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणांसाठी सायलॅब किंवा पायथनमध्ये कोड लिहितात. तो कोड तपासला जातो, दुरुस्त्या सांगितल्या जातात आणि काम मंजूर झालं की मानधनही मिळतं. फॉसीच्या पायथनच्या कामात पुढे असलेले प्रभू रामचंद्रन हे एअरोस्पेसचे प्राध्यापक. त्रिमितीय चित्रं काढणारं मायावी हे जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर त्यांनीच सुरू केलं. थोडक्यात, कॉम्प्युटरची डिग्री नसेल तरी घाबरायचं कारण नाही.

वेळ किती लागतो? ‘२४ तासांत प्रोग्रामिंग’ छापाच्या पुस्तकांना उत्तर म्हणून पीटर नॉर्विग या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने एक लेख लिहिला होता. त्याने शीर्षकातच मुदत दिली: दहा वर्षं. पहिली नोकरी त्याच्या कितीतरी आधी लागते. आज सुरुवात करायची तर वरचा रिक्षाचा प्रोग्राम लिहा, आठवडाभर बाजूला ठेवा आणि मग त्यात वेटिंगचं भाडं टाकून बघा. किती ठिकाणी हात लावावा लागला ते मोजा.