नरखेड सुटलं की फोन का तुटायचा?

मंडळी, नागपूर-इटारसी लाइनवर सुरुवातीच्या काळात ज्यांनी मोबाईल वापरला, त्यांना हे आठवत असेल. काटोल, नरखेडपर्यंत बोलणं चाले. पांढुर्णा जवळ आलं की कॉल तुटे आणि मध्य प्रदेशात स्वागताचा मेसेज येई. नागपूरला दवाखान्यात आपला माणूस भरती असला, की नेमका तेव्हाच जीव टांगणीला. पुन्हा फोन लागला तरी पलीकडून पहिलं वाक्य, "लवकर बोल, रोमिंग लागून राहिलं!"

यामागे दोन कारणं होती. एक गाडीचा वेग. ताशी 120 म्हणजे मिनिटाला 2 किलोमीटर. एक टॉवर मागे पडतो, पुढचा येतो. फोन आजूबाजूच्या टॉवरचा सिग्नल सतत मोजून कळवत असतो आणि नेटवर्क चालू कॉल पुढच्या टॉवरकडे सोपवतं. बँकेत बदली झाली की आपण चार्ज देतो, तसंच हे. फक्त इथे क्षणभरात आटपावं लागतं. बेल लॅब्जच्या अमोस जोएल यांना 1972 मध्ये या सोपवणुकीचं पेटंट मिळालं. शिवाय गाडीतले शेकडो फोन हद्द बदलताच एकदम "मी इथे आलो" अशी नोंद करू लागतात. काउंटर एक आणि रांग शंभराची, असा प्रकार. तीगावच्या पुढे घाट आला की डोंगर आडवे येतात, ते वेगळंच.

दुसरं कारण आपल्या इतिहासातलं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्याने आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिलं. बोली तीच, पोळा तोच, सोयरीक तीच. पण टेलिकॉम सर्कल आखताना तीच रेघ धरली. टॉवर बदलला तर चार्ज देता येतो. सर्कलसोबत नेटवर्कच बदललं, तर चालू कॉल कोण कोणाला सोपवणार?

पुढे रोमिंगचे दर उतरत गेले. 3 जुलै 2015 पासून देशभर कुठेही नंबर तोच ठेवता येऊ लागला. नागपूरला स्थायिक झालेल्या पोरांचे पांढुर्ण्याचे नंबर त्यामुळे टिकले. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, याच लाइनवरून वंदे भारत धावू लागली. 4G तर याहून कितीतरी जास्त वेग धरूनच बनवलेलं आहे.

जमिनीवरची रेघ आहे तिथेच आहे. फोनला मात्र ती आता फारशी जाणवत नाही. आपल्या सोयऱ्यांना ती तशीही कधी जाणवली नव्हती. तुमचा कॉल कोणत्या स्टेशनाजवळ तुटायचा, जरूर लिहा.