तिलोनियाची दुरुस्तीविद्या

राजस्थानातील अजमेर जिल्ह्यात, तिलोनिया या खेड्यात बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेली आणि पुढे ‘बेअरफूट कॉलेज’ म्हणून ओळखली जाऊ लागलेली संस्था ही सौरसंचांच्या दुरुस्तीच्या इतिहासातील सर्वांत मोलाची शाळा मानावी लागेल. वीजवाहिन्यांशी न जोडलेल्या संचात पॅनेल, बॅटरी, तिचे भरण मर्यादेत ठेवणारा चार्ज कंट्रोलर आणि बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे घरगुती वापराच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारा इन्व्हर्टर अशी साखळी असते. म्हणून नवा संच बंद पडला की दोष इन्व्हर्टरचाच असेल असे नाही, तर सैल जोडणी, उलट जोडलेली टोके किंवा पुरेशी न भरलेली बॅटरी हीही कारणे संभवतात. हा शोध घेण्याची विद्या येथे निरक्षर वा अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना, ज्यांत अनेक आज्या होत्या, रंगखुणा, हातवारे आणि प्रत्यक्ष सरावातून सहा महिन्यांत शिकवली गेली, आणि पुढे आफ्रिकेतील स्त्रियाही येथे आल्या. संच बसवणाऱ्याने निघून जाणे आणि गावाने अंधारात राहणे हा जुना अन्याय त्यामुळे टळला. गावातील सौर समिती घराघरांतून मासिक वर्गणी गोळा करी आणि तीतून दुरुस्ती करणाऱ्या स्त्रीला मानधन मिळे.