रुग्णालय-साखळी, खासगी (महाराष्ट्र, विशेषतः मराठवाडा)

एकाच मालकीखाली वा एकाच व्यवस्थापनाखाली निरनिराळ्या गावी चालणाऱ्या खासगी रुग्णालयांचा समूह. देशात या पद्धतीची सुरुवात साधारणपणे डॉ. प्रताप रेड्डी यांनी 1983 मध्ये चेन्नईत काढलेल्या अपोलोपासून धरतात. महाराष्ट्रात मात्र साखळी उशिरा रुजली. कारण इथली नावाजलेली मोठी रुग्णालये बहुतांशी सार्वजनिक न्यासांची होती : मुंबईची जसलोक व हिंदुजा, पुण्याची रुबी हॉल, जहांगीर व दीनानाथ मंगेशकर. जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टर नवरा-बायकोचे नर्सिंग होम हेच खासगी वैद्यकाचे नेहमीचे रूप. खाली दवाखाना, वर खाटा आणि त्यावर बिऱ्हाड.

न्यासाचे रुग्णालय भागधारकांच्या हाती जात नाही. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 2006 पासून अमलात आलेल्या योजनेप्रमाणे अशा धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. कंपनीच्या स्वतःच्या रुग्णालयावर हे बंधन येत नाही. 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याने नोंदणीची सक्ती केली. 2021 च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक केले. पण खाट, शस्त्रक्रिया किंवा तपासणीचा दर ठरवणे या कायद्याच्या कक्षेत आले नाही.

साखळीच्या वाढीचे सर्वांत बोलके मराठी उदाहरण म्हणजे सह्याद्री हॉस्पिटल्स. मेंदूशल्यविशारद डॉ. चारुदत्त आपटे यांनी पुण्यात उभी केलेली ही संस्था पुढे नाशिक, कराड व अहिल्यानगरपर्यंत पोचली. 2019 मध्ये एव्हरस्टोन या गुंतवणूक कंपनीने तिचा बहुसंख्य हिस्सा घेतला. 2022 मध्ये ती कॅनडातील ओंटारिओच्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीकडे गेली. सुमारे 2,500 कोटी रुपयांचा हा व्यवहार असल्याचे तेव्हा छापून आले. 2025 मध्ये मणिपाल हॉस्पिटल्सने ती विकत घेण्याचे जाहीर केले, तेव्हा बातम्यांतला आकडा सुमारे 6,400 कोटींचा होता आणि साखळीत 11 रुग्णालये होती. मणिपालमधला मोठा हिस्सा सिंगापूर सरकारच्या टेमासेकचा आहे. म्हणजे कराडच्या रुग्णाचे बिल 2022 नंतर कॅनडातल्या निवृत्त शिक्षकांच्या तिजोरीशी जोडलेले होते, आणि आता ते सिंगापूरशी जोडले जाते. डॉक्टर, परिचारिका, फाटकावरचा रखवालदार बहुधा तेच. ठाण्याच्या ज्युपिटरने दुसरी वाट धरली : 2007 मध्ये एक रुग्णालय, मग पुणे व इंदूर, आणि 2023 मध्ये थेट शेअर बाजार.

या वाढीमागे यंत्रांचा खर्च आहे. कॅथलॅब, एमआरआय, रेडिएशनचे यंत्र एकट्या डॉक्टरला परवडत नाही. ते फिटायचे तर रुग्णांचा ओघ हवा. दुसरे कारण विमा. ‘कॅशलेस आहे का?’ हा प्रश्न नातेवाईक डॉक्टरचे नाव विचारण्याआधी विचारू लागले, आणि विमा कंपनीशी दर ठरवताना दहा खाटांच्या नर्सिंग होमपेक्षा हजार खाटांच्या साखळीचा शब्द जड ठरतो.

मराठवाड्यात सरकारी योजनेनेही खासगी वैद्यकाला हातभार लावला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2012 मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. तेव्हा कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाखांपर्यंत संरक्षण आणि खर्चाची भरपाई अंगीकृत रुग्णालयाला. 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. ‘योजनेत बसतं का?’ हे वाक्य त्यानंतर नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये रोजचे झाले. जे बसत नाही, त्यासाठी शेत गहाण पडते.

लातूरची वाट वेगळी. डॉ. अशोक कुकडे व त्यांचे सहकारी डॉक्टर यांनी 1966 मध्ये काढलेले विवेकानंद रुग्णालय संस्थेच्या मालकीचे राहिले. कुकडे यांना 2019 मध्ये पद्मभूषण मिळाले. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. हेडगेवार रुग्णालय (1989) याच जातीचे. दोन्हींचा व्याप वाढला, पण तो विकत घेऊन वाढलेला नाही. प्रस्तुत विषयाच्या चर्चेत ही उदाहरणे सहसा वगळली जातात, आणि ते चूक आहे.

नांदेड जिल्ह्यातील उमरी हे तालुक्याचे गाव साखळीच्या नकाशाचा दुसरा भाग दाखवते. इथे साखळीची इमारत नाही. इथून रुग्ण जातो. गाव मुदखेड-धर्माबाद-निजामाबाद लोहमार्गावर असल्याने एका बाजूला नांदेड, दुसऱ्या बाजूला हैदराबाद. निजामी काळापासूनची ही वाट आजारपणातही तीच राहिली. हैदराबादचे अपोलो 1988 चे. यशोदाही त्याच सुमाराचे. मोठे दुखणे निघाले की ‘हैद्राबादला नेलं’ असे सांगितले जाते, आणि तेवढ्यावरून ऐकणाऱ्याला खर्चाचा अंदाज येतो. हैदराबादची रुग्णालयेही स्वतः पुढे येतात. त्यांचे तज्ज्ञ ठरल्या दिवशी नांदेडला ओपीडी घेतात. तपासणी इथे, शस्त्रक्रिया तिकडे.

पैसा संपला की उलटा प्रवास होतो, तो नांदेडजवळच्या विष्णुपुरीकडे. तिथल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 2023 च्या सप्टेंबरअखेर 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत नवजात अर्भकेही होती. अनेक रुग्ण खासगीतून अखेरच्या अवस्थेत आले होते, असे प्रशासनाने सांगितले. औषधांचा तुटवडा व रिक्त पदे यांवरही बोट ठेवले गेले. दोन्ही म्हणणी एकत्र वाचली, तर जिल्ह्यातली खासगी वाढ कोणत्या पोकळीत झाली ते दिसते. साखळीला अवघड रुग्ण नाकारता येतो किंवा पुढे पाठवता येतो. विष्णुपुरीला तशी मुभा नाही.