कॅनडात वारसा कर नाही, मग आईच्या बचतीतले निम्मे पैसे जातात कुठे?

कॅनडात वारसा कर नाही, ही गोष्ट खरी आहे. तिथल्या केंद्र सरकारचा इस्टेट टॅक्स १९७२ च्या सुरुवातीपासून बंद झाला. भारतातली इस्टेट ड्युटी जायला १९८५ उजाडलं. त्यामुळे आई-वडिलांच्या मागे राहिलेलं सगळं मुलांना जसंच्या तसं मिळेल, असं अनेकांना वाटतं. पण कर भरावा लागतोच. तो वारसाच्या नावावर नसतो, गेलेल्या माणसाच्या शेवटच्या रिटर्नमध्ये असतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ओंटारियोत राहणारी एक आई, नवरा आधीच गेलेला, दोन मुलं. तिच्या रिटायरमेंट खात्यात ५ लाख डॉलर आहेत आणि त्यावर मुलीचं नाव लावलंय. बँकेतल्या मुदत ठेवीत आणखी ५ लाख आहेत, ते मृत्युपत्रात मुलाला दिलेत. दोघांना सारखंच, असा तिचा हिशोब.

आता हा हिशोब कुठे फसतो ते बघू.

आरआरएसपी म्हणजे निवृत्तीसाठीचं बचत खातं. ही योजना १९५७ पासून आहे. त्यात टाकलेल्या पैशांवर त्या वर्षी कर लागत नाही, पण तो माफ होत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. वयाची ७१ वर्षं पूर्ण होतात त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत हे खातं बंद करावं लागतं. बहुतेक लोक ते आरआरआयएफमध्ये बदलतात आणि दरवर्षी ठरावीक रक्कम काढून त्यावर कर भरतात.

खातेदार गेला की उरलेली सगळी रक्कम त्या एकाच वर्षाचं उत्पन्न धरली जाते. पैसे नवऱ्याला किंवा बायकोला जाणार असतील तर कर पुन्हा पुढे ढकलता येतो. अवलंबून असलेल्या मुलांसाठीही काही सवलती आहेत. कमावत्या मुलांसाठी मात्र काही नाही. म्हणून खरा फटका जोडीदारांपैकी दुसरा गेल्यावर बसतो. ओंटारियोत कराचा सर्वांत वरचा दर ५३.५३ टक्के आहे. वरच्या उदाहरणात ५ लाखांवर साधारण सव्वादोन लाख डॉलर कर होतो.

हा कर भरायचा कुणी?

इथेच घराघरात भांडणं लागू शकतात. मुलीचं नाव खात्यावर असल्यामुळे बँक तिला पूर्ण ५ लाख देते. कर मात्र आईच्या इस्टेटीतून, म्हणजे मुलाच्या वाट्याच्या ठेवीतून जातो. त्यात प्रोबेटचे ६,७५० डॉलर आणखी वजा. मुलाच्या हातात पावणेतीन लाखही येत नाहीत. इस्टेटीत पैसे पुरले नाहीत तरच कर विभाग मुलीकडे वळतो.

भारतातून गेलेल्यांचा गोंधळ होतो तो 'नॉमिनी' या शब्दामुळे. भारतात नॉमिनी हा साधारणपणे वारसांसाठी पैसे सांभाळणारा असतो. शेअर्सच्या बाबतीतही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. कॅनडात फॉर्मवर लिहिलेला 'बेनिफिशियरी' सर्वसाधारणपणे त्या पैशांचा मालकच होतो. (क्वेबेकचे नियम वेगळे आहेत.)

यावर उपाय साधा आहे. दोन्ही मुलांची नावं खात्यावर निम्मी-निम्मी लावायची आणि मृत्युपत्रातही तशीच वाटणी ठेवायची. मग कराचा भार आपोआप दोघांवर सारखा पडतो.

टीएफएसएचं काय?

२००९ मध्ये सुरू झालेल्या या खात्यातल्या वाढीवर कर नाही. पण नवरा-बायकोंनी एकमेकांना 'बेनिफिशियरी' न करता 'सक्सेसर होल्डर' करावं. तसं केलं की खातं आहे तसंच जोडीदाराच्या नावावर चालू राहतं आणि त्याची स्वतःची मर्यादा खर्ची पडत नाही. नुसतं बेनिफिशियरी ठेवलं तर मुदतीत कागदपत्रं करत बसावं लागतं, आणि मृत्यूनंतर झालेल्या वाढीवर कर लागतो. फॉर्मवरच्या एका चौकटीचा फरक आहे, पण खातं उघडताना तो सहसा कुणी समजावून सांगत नाही.

पुण्यातला फ्लॅट

कॅनडाचा कर रहिवाशांच्या जगभरातल्या मालमत्तेवर असतो. मृत्यूच्या क्षणी मालमत्ता बाजारभावाने विकली, असं कायदा मानतो. राहतं घर यातून सुटतं. पुण्यातला गुंतवणुकीचा फ्लॅट सुटत नाही, त्यावरच्या नफ्याचा निम्मा भाग उत्पन्नात धरला जातो. हा भाग दोन तृतीयांश करायचा प्रस्ताव २०२४ मध्ये आला होता, तो मार्च २०२५ मध्ये रद्द झाला.

दिलासा एवढाच, की नफा मोजताना मूळ खरेदीची किंमत धरत नाहीत. तुम्ही कॅनडाचे करनिवासी झालात त्या दिवसाचा बाजारभाव धरतात. त्या तारखेचा व्हॅल्युएशन रिपोर्ट आजच काढून ठेवलेला बरा. वीस वर्षांनी मुलांनी तो शोधायचा कुठे?

मृत्युपत्रच नसेल तर?

ओंटारियोत पहिले साडेतीन लाख डॉलर जोडीदाराला मिळतात. उरलेल्यात एकच मूल असेल तर निम्मा वाटा, जास्त असतील तर जोडीदाराला एक तृतीयांश. लग्न न करता सोबत राहणाऱ्याला या नियमाने काहीच मिळत नाही.

मृत्युपत्रात एक्झिक्युटर म्हणून ज्याचं नाव आहे त्यानेही घाई करू नये. कर विभागाचं क्लिअरन्स सर्टिफिकेट हातात येण्याआधी सगळे पैसे वाटून टाकले आणि नंतर थकबाकी निघाली, तर वाटलेल्या रकमेपर्यंत ती त्याला स्वतःच्या खिशातून भरावी लागू शकते.