हरणाच्या रायफलीचें माप

आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा शौक मागें पडला, आणि तें योग्यच झालें असें माझें स्पष्ट मत आहे. तेव्हां हरणासाठीं कोणत्या मापाची रायफल घ्यावी, हा प्रश्न आपल्याकडील गृहस्थापुढें उभा राहण्याचें कारण उरलेलें नाहीं. परंतु स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखांत तो आजहि दर वर्षीं विचारला जातो. त्याचें उत्तर शोधतां शोधतां तेथील लोकांना दारूच्या रसायनापासून पार्लमेंटच्या कायद्यापर्यंत जो लांबचा प्रवास करावा लागला, त्याची हकीकत मी आज सांगणार आहें.

स्कॉटलंडांतून लांडगा केव्हांच नाहींसा झाला. हरणांना खाणारें जनावर उरलें नाहीं. तीं वाढत गेलीं, आणि झाडांचीं रोपें मान वर काढण्याच्या आंत फस्त होऊं लागलीं. म्हणून तेथें हरणें मारणें हा केवळ श्रीमंतांचा खेळ न राहतां रान राखणाऱ्यांचें कामहि होऊन बसलें आहे. मारावयाचें हें एकदां ठरलें म्हणजे मग खरा प्रश्न इतकाच उरतो कीं, जनावर जागच्या जागीं पडतें, कीं पोटांत गोळी घेऊन दरींत उतरतें व तडफडत मरतें? नळीच्या मापाचा सारा वाद ह्या एका प्रश्नाभोंवतीं फिरतो.

१८३८ सालीं विल्यम स्क्रोप ह्या गृहस्थानें ह्या विषयावर आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. वाऱ्याची दिशा सांभाळीत, ओल्या झुडपांतून पोटावर सरपटत हरणाच्या टप्प्यांत जावयाचें आणि मग बार काढावयाचा, अशी ती रीति. पुढें १८४८ मध्यें राणी व्हिक्टोरियानें बालमोरल भाड्यानें घेतलें, आणि जें राणीच्या घरीं चालतें तें सर्व सरदारांच्या घरीं चालूं लागलें. परंतु त्या काळची बंदूक तोंडाकडून ठासावयाची, गोळी शिशाची व वाटोळी. बार चुकला नाहीं तरी हरिण पुष्कळदां पळेच, आणि मग जखमी हरणामागें कुत्रे सोडावे लागत. त्या शिकारीचीं चित्रें दिवाणखान्यांत शोभून दिसतात. हरणाच्या दृष्टीनें मात्र तो प्रकार दीर्घ व भयंकर होता.

येथें थोडें गणित सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. जन्मभर खडू हातांत धरलेल्या माणसाची ही खोड श्रोत्यांनीं सहन करावी. गोळीचा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणांत वाढतो, परंतु वेगाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वजन दुप्पट केलें तर जोर दुप्पट. वेग दुप्पट केला तर जोर चौपट. हें सर्वांना ठाऊक होतें, पण काळ्या दारूकडून वेग फारसा निघत नसे. १८५६ च्या सुमारास लंडनच्या पर्डी ह्या बंदूककारानें हलकी गोळी आणि भरपूर दारू अशी योजना करून आपल्या रायफलीस नव्या आगगाडीवरून ‘एक्स्प्रेस’ हें नांव दिलें. तिचा पल्ला सरळ होता. तरी पण नळी जवळजवळ अर्ध्या इंचाची ठेवावी लागे, आणि बार होतांच पुढें धुराचा पडदा पसरे. हरिण पडलें कीं पळालें, हें धूर निवळेपर्यंत कळावयाचें नाहीं.

१८८४ सालीं व्हिएल ह्या फ्रेंच रसायनज्ञानें निर्धूर दारू सिद्ध केली, आणि दोन वर्षांत फ्रेंच सैन्याच्या हातीं आठ मिलिमीटरची नवी रायफल आली. इंग्लंडनें १८८८ मध्यें .३०३ इंचाचें माप स्वीकारलें. नळी अरुंद झाली, वेग वाढला. परंतु नवीन अडचण उभी राहिली. एवढ्या वेगानें उघडें शिसें नळीच्या पेचांतून नीट जाईना, म्हणून गोळीस कठीण धातूचें कवच चढवावें लागलें. आणि अशी कवचाची गोळी सुईसारखी आरपार निघून जाऊं लागली. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेंत गोळी लागूनहि शत्रु पुढें चालून येतो अशी तक्रार झाली. त्यावर कलकत्त्याजवळच्या दमदम येथील सरकारी कारखान्यांत गोळीचें टोंक उघडें ठेवून, आघातासरशी फुलणारी गोळी करण्यांत आली. तीच ती ‘दमदम’ गोळी.

तिच्या क्रूरपणाचा एवढा बोभाटा झाला कीं, १८९९ च्या हेग परिषदेंत युद्धांत अशा गोळ्या न वापरण्याचा जाहीरनामा निघाला. इंग्लंडनें मात्र त्यास १९०७ पर्यंत मान्यता दिली नाहीं. आतां गंमत पाहा. जी गोळी माणसावर झाडणें निषिद्ध, तीच हरणावर झाडली पाहिजे, असें आज ब्रिटनचा कायदा सांगतो! कारण उघड आहे. सैनिकाला जायबंदी केलें म्हणजे युद्धाचें काम भागतें आणि त्याला उचलून नेण्यास डॉक्टर असतात. हरणाला डॉक्टर नाहीं. त्याला एका क्षणांत मरण देणें एवढीच दया मारणाऱ्याच्या हातीं उरते. मला ह्या दोन नियमांत विसंगति दिसत नाहीं, परंतु दोन्ही एकाच टेबलावर मांडले असतां मन थोडें चरकतें खरें.

ह्याच दशकांत, हरणाचा विचारहि मनांत नसतां, सैन्याच्या कारागिरांनीं शिकाऱ्यांचा प्रश्न पुष्कळसा सोडवून ठेवला. जर्मनीच्या माउझरनें १८९२ च्या सुमारास सात मिलिमीटरचें काडतूस काढलें. बोअर लोकांनीं तेंच इंग्रजांवर चालविलें. १८९४ मध्यें स्वीडन व नॉर्वे ह्यांनीं साडेसहा मिलिमीटरचें माप ठरविलें. लंडनच्या रिग्बी कंपनीनें माउझरचें काडतूस .२७५ ह्या इंग्रजी नांवानें विकावयास घेतलें. चंपावतची वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट ह्यांना जी रायफल भेट मिळाली, ती ह्याच मापाची. तिची हलकी गोळी १४० ग्रेनांची. आपला तोळा १८० ग्रेनांचा. म्हणजे पुरती पाऊण तोळ्याच्या आसपासची.

पण सर्व हरणांना एकच माप पुरेल काय? ब्रिटनमधील लाल हरणाचा नर शंभर किलोच्याहि वर जातो. रो जातीचें हरिण पंचवीसच्या आंत. आणि वोबर्नच्या बागेंतून सुटून पसरलेलें चीनचें भेकर त्याहून लहान. फार हलकी गोळी मोठ्या नराच्या खांद्याच्या हाडावर फुटून जाते. फार जड गोळीची रायफल इतका धक्का देते कीं, चाप ओढतांनाच माणसाचे डोळे मिटतात, आणि गोळी जावयाची तेथें जात नाहीं. जखमी होऊन सुटणाऱ्या हरणांच्या बाबतींत हा दुसरा दोष पहिल्याइतकाच वाईट, असें मला वाटतें. विक्रेते मात्र त्याविषयीं कमी बोलतात.

इंग्लंडांत १९६३ च्या कायद्यानें .२४० इंचापेक्षां लहान नळी व १,७०० फूट-पौंडांपेक्षां कमी जोर असलेली रायफल मना केली. स्कॉटलंडनें १९८५ मध्यें नळीचें माप न सांगतां गोळीचेंच सांगितलें: रोखेरीज इतर हरणांसाठीं निदान १०० ग्रेन वजन, सेकंदास २,४५० फूट वेग आणि १,७५० फूट-पौंड जोर. अमेरिकेंत १९५५ सालीं निघालेलें .२४३ चें काडतूस ह्या दोन्ही कुंपणांच्या अगदीं कडेनें आंत बसतें. म्हणून तें नवशिक्यांना प्रिय झालें. तिकडचेंच १९५२ चें .३०८ हें पुष्कळ आंत बसतें, पण खांद्यास अधिक जाणवतें. मला विचाराल तर माझें मत त्या जुन्या साडेसहा आणि सात मिलिमीटरांकडेच झुकतें: भेकरापासून थोर नरापर्यंत पुरेल इतका जोर, आणि माणूस डोळे उघडे ठेवूं शकेल इतकाच धक्का.

हा वाद मिटला असें मात्र नाहीं. शिशाचे कण मांसांत राहतात आणि तीं आंतडीं खाणाऱ्या गरुडांस विष होतें, म्हणून आतां तांब्याच्या गोळ्या पुढें आल्या आहेत. तांबें शिशाहून हलकें. त्याच लांबीची गोळी कमी भरते. म्हणून स्कॉटलंडनें २०२३ मध्यें १०० ग्रेनांची अट ८० वर आणली, परंतु १,७५० फूट-पौंडांची अट तशीच ठेवली. गणित करून पाहिलें तर १०० ग्रेनांच्या गोळीस २,८०७ फूट वेग पुरत होता. ८० ग्रेनांच्या गोळीस ३,१३८ फूट लागतो. .२४३ ला तें साधतें, पण नळी पुरेशी लांब असेल तर. आणि हल्लीं आवाज दाबण्याचें नळकांडें पुढें लावावयाचें म्हणून पुष्कळजण मूळ नळीच आंखूड करून घेतात.