विजेतेपदाविना साठ वर्षे

१/ १९५७-५८ मध्ये विदर्भाचा संघ रणजी करंडकात उतरला. मध्य विभागात गाठ होती १९६१ ते १९७४ दरम्यान आठदा अंतिम फेरी गाठणाऱ्या राजस्थानशी. विदर्भाचे बहुतेक हंगाम विभागातच संपत. पुढे प्लेट गटातील दिवसही पाहावे लागले.

२/ रणजीत बाहेरून येणाऱ्या खेळाडूंना ‘व्यावसायिक’ म्हणतात. मुंबईचा वसीम जाफर असाच आला. प्रशिक्षकपद चंद्रकांत पंडितांकडे, कर्णधारपद फैज फझलकडे होते.

३/ १ जानेवारी २०१८, इंदूर. विदर्भाने दिल्लीला ९ गडी राखून हरवले. अकोल्याचा वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे याचे प्रथम श्रेणी पदार्पण याच अंतिम सामन्यातले.

४/ करंडकावर एकाच हंगामाची नोंद होते. पण पराभवाच्या हंगामांतही वऱ्हाडातली मैदाने ओस पडली नव्हती, म्हणूनच तो हंगाम उगवला.