कुरण, वरकस आणि शिकार : राहनाळ परिसरातील जमीनखरेदीचा पूर्वेतिहास

भिवंडी शहराच्या दक्षिणेस, ठाणे-भिवंडी रस्त्याच्या टापूत राहनाळ हे गाव वसलेले आहे. काल्हेर, कशेळी, पूर्णा, अंजूर या शेजारच्या गावांप्रमाणे येथेही आज प्रथमदर्शनी डोळ्यांत भरतात ती गोदामे. या पत्र्याच्या छपरांखालची जमीन दोन पिढ्यांपूर्वी भातखाचरांची, गवताची आणि वरकसाची होती हे नवख्या माणसास सांगूनही खरे वाटणार नाही. परंतु या जमिनीचे जुने कागद चाळणाऱ्याला गोदाम हा शब्द फार उशिरा भेटतो. त्याआधी भेटतात ते भात, खार, वरकस, कुरण, गुरचरण हे शब्द. येथील जमिनीची खरेदी म्हणजे नेमकी कशाची खरेदी, या प्रश्नाचे उत्तर याच शब्दांत दडलेले आहे.

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात मोठे चराऊ रान विकत घेणारा मनुष्य कुंपणाच्या आतील गवत, झाडे आणि रानात शिरण्याचा हक्क एकाच खतपत्राने घेतो. शिकारीस येणाऱ्यांकडून पैसे घेण्याचा व्यवसायही त्यावर उभा राहतो. उत्तर कोकणात अशा अखंड मालकीची कल्पना कधी रुजलीच नाही. येथे एकाच तुकड्यावर भात कसणारा एक, गवत कापणारा दुसरा, साग तोडण्याचा अधिकार सरकारचा आणि सशामागे धावणारा कातकरी चौथा, अशी स्थिती होती. दीडशे वर्षांतील कायद्यांनी हे हक्क एकत्र आणण्याऐवजी अधिकच स्पष्टपणे विलग केले. जमीन विकत घेणारा त्यांपैकी काही हक्क घेतो, सर्व घेत नाही.

प्रथम वरकस जमिनीचा विचार करणे अगत्याचे आहे, कारण या टापूतील बहुतेक घोटाळे तिच्यातून उद्भवलेले आहेत. वरकस म्हणजे भातखाचरांच्या वरची, उताराची, हलकी जमीन. तीत नाचणी-वरीसारखी भरड पिके दोन-चार वर्षे घ्यावयाची आणि मग ती पडीक टाकावयाची अशी वहिवाट होती. तथापि तिचे खरे महत्त्व पिकात नव्हते. पावसाळ्यापूर्वी भाताचे रोप ज्या वाफ्यात टाकावयाचे तो वाफा पाला, फांद्या, गवत व शेण यांचा थर जाळून भाजावा लागे. यासच राब म्हणतात. राबाचा पाला वरकसातून व लगतच्या जंगलातून येई. म्हणजे खालचे भात आणि वरचे रान हा एकच संसार होता. वरकस गेले की भातही दुबळे होई. रानावर भाताचे पोट अवलंबून आहे ही गोष्ट रयतेला पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. सरकारला मात्र ती फार मोठ्या तंट्यानंतर उमगली.

१८७८ च्या वनकायद्यान्वये ठाणे जिल्ह्यातील विस्तीर्ण क्षेत्र राखीव अगर संरक्षित जंगलात गेले, तेव्हा राबाची तोड, गुरांची चराई आणि कातकऱ्यांचा कात काढण्याचा धंदा या तिन्हींवर एकदम गदा आली. ओरड इतकी झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राबासारख्या प्रथेवर एवढी सरकारी शाई खर्ची पडावी यात नवल वाटते खरे. पण या चौकशीतच ठाण्यातील जमीनधारणेचा मूळ पेच उघडा पडला. कागदावर शेत वेगळे आणि जंगल वेगळे होते. व्यवहारात ते वेगळे करता येत नव्हते.

याच्या मागे गेल्यास हक्कांची दुसरी एक परंपरा दिसते. मराठ्यांच्या १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत राहनाळच्या शेजारील अंजूरच्या गंगाजी नाईकांनी मोलाची कामगिरी बजावली, आणि अशा घराण्यांस इनामे मिळाली. कल्याण-भिवंडी प्रांतात देशमुख-देशपांड्यांकडे इजाफतीची गावे होती. या सर्व धारणांत मिळत असे तो गावच्या वसुलाचा अंश. कसणारा जागच्या जागी राहत असे. याउलट इंग्रज कंपनीने साष्टीत जी इस्टेटीची पद्धत आरंभिली ती वेगळ्या वळणाची होती. १७९९ मध्ये पवईची इस्टेट डॉ. हेलेनस स्कॉट यांस मिळाली आणि १८२९ मध्ये ती फ्रामजी कावसजी यांच्याकडे आली. एका मालकाखाली शेती, बाग, तलाव व रान असा हा प्रयोग विलायती जहागिरीच्या सर्वांत जवळ जाणारा म्हणावा लागेल. साष्टीतील इस्टेटींची महसूलमाफी १९५१ च्या कायद्याने संपुष्टात आली. खाडीच्या या अंगाला, भिवंडीच्या बाजूस, तसा प्रकार मूळ धरू शकला नाही.

येथे जमिनीला बाजार मिळवून दिला तो गवताने. रेल्वे १८५३ साली ठाण्यास व १८५४ साली कल्याणास पोहोचली. मुंबईत घोड्यांच्या ट्रामगाड्या १८७४ पासून १९०७ पर्यंत धावत होत्या. बग्ग्यांचे घोडे आणि शहरातल्या तबेल्यांतील दुभत्या म्हशी यांची संख्याही मोठी होती. १९४९ मध्ये आरे येथे दुग्ध वसाहत उभारली गेली तीच मुळी हे तबेले शहराबाहेर हलविण्याच्या हेतूने. एवढ्या जनावरांचा चारा शहरात पिकणे शक्य नव्हते. ठाणे जिल्ह्यातील वाळलेल्या गवताला अशा रीतीने रोख किंमत आली आणि ज्या माळाकडे पूर्वी कोणी सावकार ढुंकून पाहत नसे तो माळ कर्जापोटी गहाण घेण्यायोग्य ठरला. वरकसाचे रूपांतर कुरणात होऊ लागले ते या काळात. जमीन तीच, उतार तोच. पण राबाचा पाला तोडणाऱ्या कुणब्याच्या किंवा वारल्याच्या हातून ती सुटली आणि गवताच्या व्यापाऱ्याच्या खात्यावर चढली.

हे संक्रमण कसे घडले याची साक्ष डी. सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालात आहे. आदिवासी भागातील कर्ज, वेठ आणि लग्नासाठी घेतलेल्या उचलीपायी पत्करावी लागणारी वर्षानुवर्षांची गडीगिरी यांचे त्यातील वर्णन सरकारी भाषेतही अस्वस्थ करणारे आहे. पुढे १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याच्या किसान सभेच्या परिषदेनंतर शामराव व गोदावरी परुळेकर यांनी डहाणू-उंबरगाव भागात वारल्यांची संघटना बांधली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला व पाच जण मृत्युमुखी पडले. या लढ्याची एक मुख्य मागणी पाचशे रत्तल गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी, ही होती. भिवंडी हे त्या लढ्याचे केंद्र नव्हे. परंतु जमिनीऐवजी गवताच्या वजनावर मजुरीचा झगडा व्हावा यावरून जिल्ह्याच्या अर्थव्यवहारात कुरणाने कोणते स्थान मिळविले होते हे समजून येते.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला कायद्याचे उत्तर मिळाले ते मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ या कायद्यात. त्यातील ‘शेती’ या शब्दाची व्याख्या अभ्यासकांनी बारकाईने वाचावी अशी आहे. पिके काढणे व बागाईत यांबरोबर गवत वाढविणे, शेतकऱ्याने स्वतःची गुरे स्वतःच्या जमिनीत चारणे आणि राबाच्या खतासाठी जमीन वापरणे यांचाही तीत समावेश आहे. नुसती लाकूडतोड मात्र शेतीतून वगळली आहे. दुग्धव्यवसाय व गुरांची पैदास यांनाही शेतीत स्थान नाही. ते संलग्न व्यवसाय गणले आहेत. कोकणातील कुणब्याचा राब एका प्रांतिक कायद्याच्या व्याख्येत येऊन बसला, यामागे १८८५ च्या ओरडीची आठवण असावी असे अनुमान करण्यास हरकत नाही. परिणामाच्या दृष्टीने पाहता वरकस व कुरण ही पडीक राने राहिली नाहीत. ती शेतजमीन ठरली, आणि शेतजमिनीचे सर्व निर्बंध त्यांना लागू झाले.

हे निर्बंध दोन प्रकारचे होते. पहिला कुळाच्या बाजूचा. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. कायम कुळे सोडून इतरांसाठी किंमत आकाराच्या २० पटींहून कमी नाही व २०० पटींहून अधिक नाही अशी ठरवून देण्यात आली. गवताच्या जमिनीवर कूळ कोण हा वाद येथे साहजिकच उपस्थित होई. भात कसणारा दरवर्षी दिसतो. गवत मात्र आपोआप उगवते आणि ते कापणारा मजूर की कूळ हे ठरविणे कठीण असते. अनेक कुरणे मालकांच्या हाती राहिली त्याचे एक कारण या अडचणीत शोधावे लागेल.

दुसरा निर्बंध खरेदीदाराच्या बाजूचा, कलम ६३ चा. जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून शेतजमीन विकणे, बक्षीस देणे अगर पट्ट्याने देणे अवैध ठरले. मुंबईच्या धनिकाने सुटीच्या दिवसांसाठी भिवंडीत एखादे रान घ्यावे ही कल्पना या एका कलमाने अडविली. त्यावर तोडगा म्हणून शेतकरी असल्याचा दाखला मिळविण्याची खटपट सुरू झाली आणि आजोबांच्या नावचा एखादा गुंठा पुष्कळांना अचानक आठवू लागला, हा या इतिहासातील किंचित विनोदी भाग होय. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने विस्तारालाही मर्यादा घातली. १९७५ पासून लागू झालेल्या सुधारित मर्यादेनुसार कोरडवाहू जमीन कुटुंबामागे ५४ एकरांपलीकडे ठेवता येत नाही. एवढ्या क्षेत्रात विलायती धर्तीचे चराऊ रान कागदावरही बसणे अवघड.

आदिवासींच्या जमिनीबाबत कायदा याहून कठोर झाला. १९७४ च्या दुरुस्तीने महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात कलम ३६-अ आले. त्यानुसार ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस विकण्यास जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी आणि तीस शासनाची पूर्वसंमती आवश्यक झाली. त्यामागोमाग, १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हस्तांतरित झालेल्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला. या दोन तारखा ठाणे जिल्ह्यातील कोणत्याही खरेदीखताच्या तपासणीत आधी पाहाव्या लागतात. कुळाला मालक करणारा दिवस आणि आदिवासीच्या जमिनीचे संरक्षण मागे जेथवर नेले तो दिवस एकच असावा, हा योगायोग नाही.

वरकसाच्या वरच्या अंगास असलेल्या रानाचे भवितव्य महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ या कायद्याने ठरले. ३० ऑगस्ट १९७५ रोजी खाजगी वने शासनाकडे निहित झाली. वनकायद्याच्या कलम ३५ खाली पूर्वी नोटीस काढलेल्या जमिनीही त्यांत धरल्या गेल्या. कित्येक ठिकाणी नोटीस निघाली होती, पण मालकाच्या हाती पोहोचली नव्हती. सातबाऱ्यावर नोंद नव्हती. जमीन दोन-तीनदा विकली गेली, तिच्यावर घरेही उठली. गोदरेज अँड बॉइस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी, नोटीस नुसती काढणे पुरेसे नसून ती बजावली गेली पाहिजे, असा निर्णय दिला. तोपर्यंत जवळजवळ चार दशके ठाणे व मुंबई उपनगर जिल्ह्यांत खरेदीदार आपण नेमके काय घेतले या विवंचनेत होते.

शिकारीचा प्रश्न त्या मानाने थोडक्यात आटोपतो. इंग्लंडात शिकारीचा हक्क जमिनीशी इतका जखडलेला होता की मालक तो बहुधा स्वतःकडे राखून ठेवीत, आणि कुळाला आपल्या शेतातील ससा मारण्याचा अढळ हक्क मिळण्यास १८८० चा कायदा व्हावा लागला. येथे असा हक्क जमिनीच्या खरेदीखतात कधी लिहिला गेला नाही. साहेबाची शिकार परवान्यावर चाले. कातकऱ्याची शिकार, म्हणजे ससा, घोरपड, उंदीर, ही पोटाची बाब होती व ती कोणत्याही दप्तरात नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने परवाने आवळले आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरील शिकारही बंद केली. मारलेला वा मृत सापडलेला वन्य प्राणी ही शासनाची मालमत्ता आहे, मग तो कोणाच्याही बांधावर पडलेला असो. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठीदेखील अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो. २००३ मध्ये वसई व भिवंडी तालुक्यांतील डोंगरभागात तुंगारेश्वर अभयारण्य जाहीर झाले. परवानाधारक शिकाऱ्याचा शौक गेला आणि कातकऱ्याची भाजी गेली. दोन्ही एकाच कलमाखाली गेल्या, पण हानी सारखी नव्हती.

राहनाळच्या सपाटीवरील जमिनीचे वळण मात्र निराळे झाले. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर, पण शहराच्या अगदी वेशीवर, माल साठविण्यास जागा हवी होती, आणि भातखाचरांची ही सपाट पट्टी त्यास योग्य ठरली. १९९४ मध्ये कुळकायद्यात कलम ६३-१अ घालण्यात आले व खऱ्या औद्योगिक वापरासाठी बिगर-शेतकऱ्यास ठराविक मर्यादेत परवानगीशिवाय जमीन घेण्याची वाट मोकळी झाली. जो दरवाजा रान घेणाऱ्यास बंद होता तो उद्योग मांडणाऱ्यास उघडला. पुढे भिवंडी परिसरातील ६० गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण हे विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. जकात २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या आगमनाबरोबर संपली, गोदामे राहिली.

तरीही जुना हक्क पूर्णपणे पुसला गेला नाही. १९५७ च्या तरतुदीने कुळाला मिळालेली जमीन कलम ४३ खाली परवानगीशिवाय विकता येत नसे, आणि ही अट सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात नोंदलेली असे. २०१४ च्या दुरुस्तीने, खरेदीस दहा वर्षे उलटली असल्यास आकाराच्या ४० पट नजराणा भरून ही परवानगी टाळण्याची सोय झाली. हा आकार म्हणजे जुन्या मोजणीतील हलक्या-भारी जमिनीचा रुपये-आण्यांतील दर. ज्या जमिनीचा बाजारभाव आता गोदामाच्या चौरस फुटावर ठरतो, तिच्या विक्रीचा नजराणा आजही भात आणि वरकस यांच्या त्या प्रतवारीवरूनच मोजला जातो.